ग्रँड ज्युरीपुढील चौकशी आणि बचावाचा अधिकार : न्यूयॉर्कपासून सोडाल्यापर्यंत

खटला न्यायालयात उभा राहण्यापूर्वीच संशयिताचे भवितव्य पुष्कळ अंशी ठरलेले असते. तपासाच्या काळात दिलेला जबाब, सोपविलेली कागदपत्रे किंवा घाईने केलेली एखादी स्वाक्षरी पुढे वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. म्हणूनच तपासाच्या टप्प्यावर मिळणारे कायदेशीर साहाय्य हे खटल्यातील युक्तिवादाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्वाचे मानले जाते.

अमेरिकेत हा टप्पा संघराज्याच्या ग्रँड ज्युरीपुढे पार पडतो. भारतात ग्रँड ज्युरी आज अस्तित्वात नाही. येथे तपास पोलीस ठाणे, केंद्रीय अन्वेषण विभाग अथवा सक्तवसुली संचालनालय यांच्याकडे असतो. नोकरी-शिक्षणानिमित्त अमेरिकेत असलेला मराठी तरुण आणि जयपूरच्या अजमेर रस्त्यालगतच्या सोडाला भागात स्थायिक झालेले त्याचे आई-वडील यांना प्रसंग आल्यास दोन भिन्न व्यवस्थांना तोंड द्यावे लागेल. मात्र दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो : चौकशीच्या वेळी काय सांगणे बंधनकारक आहे, काय न सांगण्याचा हक्क आहे आणि वकिलाचे साहाय्य नेमके केव्हा मिळते?

ग्रँड ज्युरी म्हणजे काय?

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पाचवी दुरुस्ती १७९१ मध्ये अमलात आली. गंभीर गुन्ह्यासाठी कोणावरही संघराज्याच्या न्यायालयात खटला भरावयाचा असल्यास प्रथम ग्रँड ज्युरीने आरोप मान्य केला पाहिजे, असे ती सांगते. एक वर्षाहून अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना सामान्यतः हा नियम लागू होतो. आरोपीने स्वतः हा हक्क सोडून दिल्यास मात्र सरकारी वकिलाला थेट आरोप दाखल करता येतो.

ग्रँड ज्युरीत १६ ते २३ नागरिक असतात. आरोप निश्चित होण्यासाठी त्यांपैकी किमान १२ जणांची संमती आवश्यक असते. ही ज्युरी दोषी किंवा निर्दोष असा निकाल देत नाही. गुन्हा घडला असावा आणि तो या व्यक्तीने केला असावा, असे मानण्यास पुरेसे कारण आहे किंवा नाही, एवढेच ती पाहते. निकाल देणारी बारा जणांची ज्युरी वेगळी असते आणि ती पुढे खटल्याच्या वेळी निवडली जाते.

ग्रँड ज्युरीचे कामकाज गुप्त असते. खोलीत न्यायाधीश नसतात. सरकारी वकील, साक्षीदार, लघुलेखक आणि गरज असल्यास दुभाषी एवढ्यांनाच उपस्थित राहता येते. मतदानाच्या वेळी ज्युरर वगळता सर्वांना बाहेर जावे लागते. गुप्ततेचे बंधन ज्युरर, सरकारी वकील, लघुलेखक व दुभाषी यांच्यावर असते. साक्षीदारावर सामान्यतः नसते. आपण काय सांगितले, हे तो आपल्या वकिलाला सांगू शकतो.

बचाव पक्षाच्या दृष्टीने ही व्यवस्था एकतर्फी आहे. साक्षीदाराचा वकील खोलीत जाऊ शकत नाही. उलटतपासणी होत नाही. ऐकीव माहितीवरही आरोप निश्चित होऊ शकतो, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये कॉस्टेलो प्रकरणात म्हटले. संशयिताच्या बाजूचा पुरावा ज्युरीपुढे ठेवण्याचे बंधन सरकारी वकिलावर घालता येत नाही, असा निर्णय १९९२ मध्ये विल्यम्स प्रकरणात झाला. न्याय खात्याच्या अंतर्गत धोरणानुसार निर्दोषत्व दर्शविणारा महत्त्वाचा पुरावा ज्युरीसमोर आणला जातो. परंतु ते धोरण आहे, आरोपीला न्यायालयात मागता येणारा हक्क नव्हे.

मुंबईतील ग्रँड ज्युरी

ही संस्था मराठी माणसाला सर्वस्वी अपरिचित होती, असे नाही. इंग्रजी कायद्याबरोबर ती कलकत्ता, मद्रास व मुंबई या इलाख्याच्या शहरांत आली. मुंबईत १८२४ मध्ये सुरू झालेल्या सुप्रीम कोर्टात ग्रँड ज्युरी बसत असे. १८२६ च्या कायद्याने भारतीयांना निकाल देणाऱ्या ज्युरीवर बसण्याची मुभा मिळाली, परंतु ग्रँड ज्युरीचे दार त्यांना बंदच राहिले. या भेदभावाविरुद्ध मुंबईतील एतद्देशीय नागरिकांनी आवाज उठविला. १८३२ च्या कायद्याने तो अडसर दूर झाला आणि भारतीयांना ग्रँड ज्युरर तसेच जस्टिस ऑफ द पीस होण्याचा मार्ग मोकळा झाला. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट हे मुंबईतील आरंभीच्या भारतीय जस्टिस ऑफ द पीसपैकी एक होते.

१८६५ मध्ये भारतातील ग्रँड ज्युरी रद्द करण्यात आली. निकाल देणारी ज्युरी त्यानंतरही राहिली. लोकमान्य टिळकांवरील १८९७ आणि १९०८ चे राजद्रोहाचे खटले मुंबई उच्च न्यायालयात अशाच ज्युरीपुढे चालले. नानावटी खटल्याची १९५९ मधील ज्युरीही त्याच प्रकारची होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला स्थान उरले नाही. खुद्द इंग्लंडने १९३३ मध्ये ग्रँड ज्युरीची पद्धत जवळजवळ संपुष्टात आणली. अमेरिकेत ती राज्यघटनेतच असल्यामुळे टिकून आहे.

देवयानी खोब्रागडे प्रकरण

संघराज्याच्या ग्रँड ज्युरीच्या काळातील बचाव कसा असतो, याचे मराठी वाचकाला सर्वाधिक परिचित असलेले उदाहरण म्हणजे देवयानी खोब्रागडे यांचे प्रकरण. न्यूयॉर्क येथील भारतीय वाणिज्य दूतावासात उपमहावाणिज्यदूत असलेल्या या अधिकाऱ्याला १२ डिसेंबर २०१३ रोजी अटक झाली. घरकामासाठी आणलेल्या महिलेच्या व्हिसाच्या अर्जात वेतनाविषयी खोटी माहिती दिल्याचा आरोप त्यांच्यावर होता. त्यांनी आरोप नाकारले. अडीच लाख डॉलरच्या जामिनावर त्यांची सुटका झाली. अटकेनंतर त्यांची विवस्त्र झडती घेतल्याचे उघड झाल्यावर भारतात संतापाची लाट उसळली आणि दोन्ही देशांचे संबंध ताणले गेले.

कायद्याच्या अंगाने या प्रकरणातील खरी लढाई वेळेची होती. १३ जानेवारी २०१४ पर्यंत प्राथमिक सुनावणी घेणे किंवा ग्रँड ज्युरीकडून आरोपपत्र मिळविणे सरकारी पक्षाला आवश्यक होते. खोब्रागडे यांचे वकील डॅनियल अर्शॅक यांनी ही मुदत महिनाभराने वाढवून मागितली. मुदतीच्या दडपणाखाली तडजोडीची अर्थपूर्ण बोलणी होऊ शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. आरोपपत्रानंतरही बोलणी करता येतील, अशी भूमिका सरकारी पक्षाने घेतली. न्यायालयाने ८ जानेवारी रोजी बचाव पक्षाची विनंती फेटाळली.

दरम्यान भारत सरकारने खोब्रागडे यांची बदली संयुक्त राष्ट्रसंघातील भारताच्या स्थायी शिष्टमंडळात केली होती. या बदलीला महत्त्व होते. वाणिज्य दूतावासातील अधिकाऱ्याला १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार केवळ कार्यालयीन कृत्यांपुरते संरक्षण असते. राजनैतिक अधिकाऱ्याला मात्र फौजदारी कारवाईपासून पूर्ण संरक्षण मिळते. ८ जानेवारीच्या सायंकाळी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्यांची नवी नियुक्ती मान्य केली. दुसऱ्याच दिवशी, ९ जानेवारीला, ग्रँड ज्युरीने आरोपपत्र दिले. संरक्षण सोडून देण्यास भारताने नकार दिल्यावर त्यांना अमेरिका सोडण्यास सांगण्यात आले आणि त्या मायदेशी परतल्या.

बचाव पक्षाने आरोपपत्र रद्द करण्याची मागणी केली. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी १२ मार्च २०१४ रोजी ती मान्य केली. आरोपपत्र दिले गेले त्या वेळी आरोपीला पूर्ण राजनैतिक संरक्षण होते, हे एकच कारण त्यासाठी पुरेसे ठरले. नवे आरोपपत्र आणण्यास मात्र या निर्णयाने मनाई केली नाही आणि सरकारी पक्षाने दोनच दिवसांत, १४ मार्चला, ग्रँड ज्युरीकडून दुसरे आरोपपत्र मिळविले.

या घटनाक्रमातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, ग्रँड ज्युरीच्या काळात बचाव पक्षाचे मुख्य काम पुराव्याचे खंडन हे नसून मुदती, अधिकारक्षेत्र, संरक्षण आणि तडजोड यांचा विचार करणे हे असते. दुसरी अशी की, या टप्प्यावर मिळालेला विजय अंतिम असतोच असे नाही.

साक्षीदार, संबंधित व्यक्ती आणि लक्ष्य

राजनैतिक संरक्षण फार थोड्यांना असते. सामान्य मराठी नागरिकाचा ग्रँड ज्युरीशी संबंध येतो तो बहुधा समन्समुळे. समन्स दोन प्रकारचे असतात. एक साक्ष देण्यासाठी आणि दुसरे कागदपत्रे सादर करण्यासाठी.

समन्स मिळालेल्या व्यक्तीचे स्थान काय, हे समजून घेणे वकिलाचे पहिले काम असते. अमेरिकी न्याय खाते अशा व्यक्तींचे तीन वर्ग करते. ज्याच्याजवळ केवळ माहिती आहे तो साक्षीदार. ज्याचे वर्तन चौकशीच्या कक्षेत येते तो चौकशीचा विषय. ज्याच्याविरुद्ध ठोस पुरावा आहे आणि जो सरकारी वकिलाच्या मते संभाव्य आरोपी आहे तो लक्ष्य. सरकारी वकिलाशी पत्रव्यवहार करून किंवा बोलून वकील ही माहिती मिळवितो. आज साक्षीदार असलेली व्यक्ती उद्या लक्ष्य ठरू शकते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

बचावाची साधने

एक : मौनाचा हक्क. ज्या उत्तरामुळे स्वतःवर गुन्ह्याचा आरोप येऊ शकतो ते उत्तर देण्यास साक्षीदार नकार देऊ शकतो. हा हक्क नागरिकांप्रमाणे परदेशी व्यक्तींनाही आहे. तो प्रत्येक प्रश्नाच्या वेळी बजावावा लागतो. समन्स मिळाल्यावर हजरच न होणे हा मात्र त्याचा अर्थ नव्हे.

दोन : बाहेर येऊन सल्ला घेणे. वकील खोलीत नसला तरी तो दाराबाहेर थांबू शकतो. प्रश्न लिहून घेऊन, परवानगी मागून साक्षीदार बाहेर येतो, सल्ला घेतो आणि परत जातो. ज्याला इंग्रजी पुरेसे येत नाही त्याने दुभाष्याची मागणी आधीच नोंदवावी. अर्धवट समजलेल्या प्रश्नाला दिलेले उत्तरही शपथेवरचेच उत्तर असते.

तीन : समन्सला आव्हान. मागणी अवाजवी किंवा जाचक असेल, अथवा वकील आणि अशील यांच्यातील गोपनीय पत्रव्यवहार मागितला असेल, तर न्यायाधीशांकडे समन्स रद्द करण्याचा किंवा त्याची व्याप्ती कमी करण्याचा अर्ज करता येतो. मात्र ग्रँड ज्युरीचे समन्स वाजवी आहे, असे गृहीत धरले जाते आणि ते तसे नाही हे दाखविण्याची जबाबदारी अर्जदारावर असते.

चार : अभय. सरकारी पक्ष न्यायालयाकडून आदेश घेऊन साक्षीदाराला बोलण्यास भाग पाडू शकतो. तसे झाल्यास त्या साक्षीचा आणि त्यातून मिळालेल्या धाग्यादोऱ्यांचा वापर त्याच्याविरुद्ध करता येत नाही. हे तत्त्व १९७२ मध्ये कॅस्टिगर प्रकरणात मान्य झाले. असे अभय मिळाल्यावरही बोलण्यास नकार दिला, तर न्यायालयाच्या अवमानाबद्दल ग्रँड ज्युरीची मुदत संपेपर्यंत, कमाल १८ महिने, स्थानबद्धता होऊ शकते.

पाच : कागदपत्रांचे जतन. समन्सची चाहूल लागल्यावर ई-मेल पुसून टाकणे, भ्रमणध्वनी बदलणे किंवा हिशेबाच्या नोंदी दुरुस्त करणे ही सर्वांत घातक चूक ठरते. तपासात अडथळा आणण्याच्या हेतूने कागदपत्रे नष्ट केल्यास २० वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मूळ आरोप सिद्ध झाला नाही तरी हा आरोप स्वतंत्रपणे सिद्ध होऊ शकतो.

सहा : कंपनीचा वकील आणि आपला वकील. कंपनीच्या व्यवहारांची चौकशी असेल तर कंपनीचा वकील कर्मचाऱ्यांशी बोलतो. तो कंपनीचा प्रतिनिधी असतो, कर्मचाऱ्याचा नव्हे. त्या संभाषणाच्या गोपनीयतेचा हक्क कंपनीकडे असतो आणि कंपनी तो सोडूनही देऊ शकते. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील भारतीय कर्मचाऱ्यांनी हा फरक विशेष ध्यानात घेतला पाहिजे.

परदेशी नागरिकाच्या बाबतीत आणखी एक पैलू असतो. गुन्ह्याची कबुली देऊन सौम्य शिक्षा पदरात पाडून घेणे वरवर फायद्याचे दिसते. परंतु त्यामुळे व्हिसा किंवा कायम वास्तव्याचा परवाना गमवावा लागू शकतो. अशा परिणामांची कल्पना अशिलाला देणे हे वकिलाचे घटनात्मक कर्तव्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पॅडिला प्रकरणात सांगितले. अटक झाल्यास भारतीय दूतावासाला कळविण्याची मागणी करण्याचा हक्कही व्हिएन्ना करारानुसार आहे.

भारतात राहणाऱ्या नातेवाइकांना समन्स लागू होते का?

अमेरिकेतील ग्रँड ज्युरीचे समन्स सोडाला येथे राहणाऱ्या भारतीय नागरिकावर थेट बंधनकारक नसते. परदेशातील व्यक्तीला थेट समन्स काढण्याचा तेथील न्यायालयांचा अधिकार अमेरिकी नागरिक व रहिवासी यांच्यापुरता आहे. इतरांकडून माहिती हवी असल्यास अमेरिकेला भारत सरकारकडे यावे लागते. त्यासाठी दोन्ही देशांत फौजदारी प्रकरणांतील परस्पर साहाय्याचा करार असून तो २००१ मध्ये झाला आणि २००५ मध्ये अमलात आला. अशी विनंती आल्यावर केंद्र सरकार ती न्यायदंडाधिकाऱ्याकडे किंवा तपास अधिकाऱ्याकडे पाठविते. त्यानंतर त्या व्यक्तीला भारतीय कायद्याप्रमाणे बोलाविले जाते आणि भारतीय कायद्यातील सर्व संरक्षणे तिला मिळतात.

सोडाल्यात नोटीस आली तर

भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. सोडाला पोलीस ठाण्यातून आलेली नोटीस असो की मुंबईतील एखाद्या ठाण्याची, प्रथम ती कोणत्या कलमाखाली आहे हे पाहावे. कलम १७९ ची नोटीस साक्षीदारासाठी असते. महिला, १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना त्यांच्या निवासस्थानाव्यतिरिक्त अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. कलम ३५ ची नोटीस संशयितासाठी असते. त्या नोटिशीचे पालन करणाऱ्यास, अधिकाऱ्याने लेखी कारण नोंदविल्याशिवाय, त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातून बजावणे ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. दृक्‌श्राव्य संभाषणावर बसवून ठेवणारी तथाकथित 'डिजिटल अटक' कोणत्याही कायद्यात नाही. तो फसवणुकीचा प्रकार असून त्याची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते.

मौनाचा हक्क भारतातही आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार कोणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. हे संरक्षण पोलीस चौकशीलाही लागू आहे, असे १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने मात्र या संरक्षणात येत नाहीत. हे तत्त्व मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या प्रकरणात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने निश्चित केले. संमतीविना केलेली नार्को चाचणी घटनाबाह्य असल्याचे २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात ठरले.

पोलिसांनी नोंदविलेल्या जबाबावर सही करण्याची गरज नसते. कायदाच तशी सही घेण्यास मनाई करतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. येथे एक महत्त्वाचा अपवाद आहे. सक्तवसुली संचालनालयाचे अधिकारी पोलीस अधिकारी नाहीत आणि त्यांच्यापुढील जबाब पुराव्यात येऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ जुलै २०२२ रोजी विजय मदनलाल चौधरी प्रकरणात म्हटले. त्यामुळे या यंत्रणेच्या समन्सला उत्तर देण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे अधिकच गरजेचे ठरते.

वकिलाच्या उपस्थितीबाबत भारतीय कायदा मध्यममार्गी आहे. अटक झालेल्या व्यक्तीला चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येते, मात्र संपूर्ण चौकशीभर नव्हे. काही प्रकरणांत न्यायालयांनी वकिलाला दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसण्याची परवानगी दिली आहे. वकील व अशील यांच्यातील संभाषण गोपनीय असते. अशिलाविषयी माहिती काढण्यासाठी तपास यंत्रणांनी वकिलांनाच समन्स धाडण्याच्या प्रकारांवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी कडक मर्यादा घातल्या.

अटक आणि त्यानंतरचे चोवीस तास

अटकेची कारणे सांगणे, नातेवाइकाला कळविणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक आहे. १९९६ च्या डी. के. बसू निर्णयाने घालून दिलेले अटकेचे पंचनामा, वैद्यकीय तपासणी इत्यादी नियम आता बहुतांशी कायद्यातच आले आहेत. महाराष्ट्रातील एका प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात महत्त्वाची भर घातली. अटकेची कारणे प्रत्येक गुन्ह्यात लेखी स्वरूपात आणि आरोपीला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत. तत्काळ देणे शक्य नसल्यास ती कोठडीसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी दिली पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले.

सोडाल्यातील मराठी कुटुंबाच्या दृष्टीने भाषेचा हा मुद्दा किरकोळ नाही. राजस्थानातील पोलीस कागद हिंदीत असतात आणि त्यांत फारसी वळणाचे शब्द विपुल आढळतात. तेथे तपासाला 'तफ्तीश', आरोपीला 'मुल्जिम', जप्तीच्या कागदाला 'फर्द', न्यायालयातील खासगी फिर्यादीला 'इस्तगासा' आणि दोषारोपपत्राला 'चालान' म्हणतात. मराठीत 'चलन' म्हणजे दंडाची किंवा भरण्याची पावती. त्यामुळे 'चालान पेश हुआ' हे वाक्य ऐकून केवळ दंड भरावयाचा आहे, असा समज करून घेणे महागात पडू शकते. लिपी ओळखीची आहे म्हणून कागद समजला, असे मानू नये.

अटकपूर्व जामीन कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात मागता येतो. सोडाल्यातील गुन्ह्यासाठी जयपूर येथील सत्र न्यायालय किंवा राजस्थान उच्च न्यायालयाचे जयपूर खंडपीठ ही स्वाभाविक ठिकाणे होत. परंतु संशयित पुण्यात किंवा नागपुरात असेल तर काय? राजस्थानातील झुंझुनू जिल्ह्यात नोंदविलेल्या एका गुन्ह्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२३ रोजी याचे उत्तर दिले. गुन्हा अन्य राज्यात नोंदलेला असला तरी, संशयित जेथे आहे तेथील सत्र किंवा उच्च न्यायालय त्याला मर्यादित मुदतीचा अटकपूर्व जामीन देऊ शकते. त्या अवधीत त्याने मूळ ठिकाणच्या न्यायालयात दाद मागावयाची असते.

अटकेनंतर तपास रेंगाळला तर तेही आरोपीच्या हिताचे ठरते. मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर जामीन हा हक्क होतो. त्यासाठी आरोपीने अर्ज करावा लागतो. मुदत उलटल्यावर अर्ज करण्यापूर्वीच दोषारोपपत्र दाखल झाले तर हा हक्क हातचा जातो.

वकील परवडत नसेल तर

अमेरिकेत आरोप दाखल झाल्यावर गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. निव्वळ तपासाच्या टप्प्यावर असा घटनात्मक हक्क सर्वांना नाही. भारतात राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९अ नुसार आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत साहाय्य मिळते. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१०० हा आहे. आरोपीला प्रथम हजर केले जाते तेव्हाच वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे न्यायदंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. तो निर्णय मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यातील आरोपी अजमल कसाब याच्या अपिलात झाला. सर्वांत घृणास्पद गुन्ह्यातील आरोपीच्या खटल्यातच सामान्य नागरिकाचा हा हक्क अधोरेखित झाला.

दोन व्यवस्था, एक सूत्र

ग्रँड ज्युरीचा मूळ हेतू सत्ताधाऱ्यांना मनमानी खटले भरण्यापासून रोखणे हा होता. कालांतराने ती सरकारी पक्षाच्या हातातील साधन बनली, अशी टीका अमेरिकेतच होते. भारताने ती दीडशे वर्षांपूर्वी सोडून दिली. येथे खटला भरण्याजोगा आहे की नाही, याची छाननी दोषारोपपत्र आल्यावर न्यायालय करते आणि पुरेसा आधार नसल्यास आरोपीला दोषमुक्त करते. या वेळी आरोपीच्या वकिलाला युक्तिवाद करता येतो. ग्रँड ज्युरीपुढे ही संधी नसते. उलट, भारतात तपास व कोठडी यांचा काळ लांबत जातो आणि निर्दोष सुटणाऱ्यालाही त्याची किंमत मोजावी लागते.

दोन्ही देशांत सामान्य नागरिकाने पाळावयाचे नियम थोडेच आहेत. समन्स किंवा नोटीस दुर्लक्षू नये. तिची प्रत जपून ठेवावी आणि तारीख नोंदवावी. कोणताही कागद नष्ट करू नये. खोटे बोलू नये. बोलावयाचे नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. इतर साक्षीदारांशी साक्षीविषयी चर्चा करू नये. समजत नसलेल्या भाषेतील कागदावर सही करू नये. आणि या सर्वांच्या आधी, स्वतःचा वकील गाठावा. खोब्रागडे प्रकरणात एका सायंकाळच्या नियुक्तीने आरोपपत्राचे भवितव्य बदलले. सामान्य माणसाच्या प्रकरणात अशी वेळ बहुधा पहिल्याच दिवशी, पहिल्या नोटिशीबरोबर येते.

(या लेखातील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावा.)